मंगलाष्टकांतली नावं

१२ एप्रिल १९९८
आज पहाटे तो आवाज पुन्हा कानात — मांडवगणच्या शाळेत सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय आणि गुरुजी टेबलावर डस्टरनं ताल धरतायत. बाप ओढ्यापलीकडं मेंढरं चारता चारता ऐकायचा. एवढी पोरं एकदम म्हणतात, म्हंजी देवाचंच असणार, असं त्याला वाटायचं. कवितेनं काहीही होतं, असं मलाही पुढं बरीच वर्षं वाटत राहिलं.

दुपारी आनंदराव आला. मुलगा माझा, पण हल्ली बोलतो चेअरमनसारखा. प्रगतीचं, माझ्या नातीचं, लग्न ठरलं म्हणाला. स्थळ दौंडकडचं, मुलगा कोरेगाव भीमाला कंपनीत. "आबा, मंगलाष्टका तुमच्याच." पोरीला विचारलं का, म्हटलं. तो चपला घालून निघालासुद्धा.

१५ एप्रिल
प्रगतीला शिरूरला कॉलेजात जायचंय. हळूच येऊन म्हणाली, "आबा, तुम्ही बोला ना पप्पांशी." बोललो. तुम्हाला काय, नुसत्या कविता करायच्या, म्हणाला. सूनबाई सोजरबाई खाली मान घालून भाकरी थापत राहिली. या घरात मला ताट आहे, खाट आहे. शब्द नाही.

१६ एप्रिल
नुसता बसून.

२० एप्रिल
तशी गावात माझ्या कवितेला मागणी! निवडणुकीत सरपंचासाठी जोडली, ते निवडून आले. रखमाजीचा बैल गेला तेव्हा त्यानं दोन ओळी मागितल्या. ऐकून पोटभर रडला, मग त्याला भाकरी गेली. लग्नात मात्र ज्याचं त्याचं नाव यायला हवं, नाहीतर रुसवा. मामा, आत्या, सोसायटीचे चेअरमन — सगळे बसवले.

प्रगतीचं नाव शार्दूलविक्रीडितात किती सहज बसतं. पण हात चालला नाही. तेवढं राहिलं.

२३ एप्रिल
संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणून दाखवल्या. आपलं नाव येईपर्यंत जो तो कान देऊन, आलं की पानाला चुना लावायला मोकळा. साखरबाई आत्याचं म्हणणं, माझं नाव धाकटीच्या आधी घ्या. घेतलं. आता तरी कुणी विचारेल, नवरी कुठाय — कुणी नाही. झ्याक झालं म्हणत आनंदरावनं कागद दौंडला धाडला, त्यांची नावं तपासायला.

प्रगती कप गोळा करत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. कळून उपयोग काय?

२६ एप्रिल
दुपारी कडी वाजली. दारात नवरदेव — मल्हार, एकटाच! लग्नाआधी असं कुणी येत नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आबा, आमच्यात समद्यांनी आपापली नावं बघितली. मी तिचं हुडकत व्हतो. तिच्या मनात न्हाई का? तिच्याच तोंडनं ऐकायचंय मला."

 आतून सोजरबाईचा आवाज आला, "प्रगे, भाईर ये."