समुद्र नको म्हणणाऱ्या हेल्मीआजींना

प्रिय हेल्मीआजी,

उद्या सकाळी तुमचा पीटर तुमच्या अस्थी फॉक्स्टनच्या समुद्रात सोडणार आहे, आणि तुम्हाला समुद्र नको होता हे इथे न्यूझीलंडात, अख्ख्या पामर्स्टन नॉर्थमध्ये फक्त मला ठाऊक आहे. म्हणून घाईघाईने लिहितेय. शेजारणीने करावं तरी काय?

सगळा घोळ आमच्या ह्यांचा. मी हॉस्पिटलात ड्यूटीवर असताना पीटरने ह्यांना सहज विचारलं, तुमच्यात अस्थींचं काय करतात? झालं! डॉक्टरसाहेब सुरूच झाले. गोदावरी काय, संगम काय, आणि समुद्र मिळाला तर त्याहून उत्तम काय! पीटरला पटलं. आई कोळ्याचीच तर मुलगी होती, म्हणाला.

तुमचं गाव मला किती उशिरा सांगितलंत! तुमच्या एस्टोनियातून रशियन सैन्य गेल्याची बातमी टीव्हीवर पाहिलीत आणि मग थांबेचनात. उथळ समुद्र, पाण्यातून वर आलेल्या घराएवढ्या शिळा, काठाने लव्हाळी. जुनिपरची काटेरी झुडपं, त्यांच्याच धुरावर भाजलेले मासे. हिवाळ्यात समुद्र गोठायचा म्हणे. मी नाशिकची, मला ते खरंच वाटेना.

मग तुमचा आवाज बदलायचा. युद्धात तुम्ही होडीतून पळालात, वादळात वडील गेले ते सापडलेच नाहीत. आई गावातच राहिली. नंतर रशियन सैनिकांनी होड्या फोडल्या, किनारा बंद केला. रोज संध्याकाळी वाळूवर दाताळं फिरवायचे, कुणी समुद्राकडे गेलं तर पाऊल उमटावं म्हणून. आणि तिकडे पाइनच्या बनात बायका आपल्या माणसांच्या थडग्यांभोवतीची वाळू दाताळ्यानेच नीट करायच्या. तिथेच तुमची आई आहे.

"मला तिच्याशेजारी वाळूत ठेवा," म्हणाला होतात. "समुद्राला आमच्या घरातलं एक माणूस पुरे."

पण हे मला का सांगितलंत? पोटच्या मुलाला का नाही? तो इथलाच होऊन सुखात वाढावा म्हणून त्याला तुमची भाषासुद्धा दिली नाहीत. आज त्याला तुमच्या गावाचं नाव नीट घेता येत नाही. राग येतो मला तुमचा!

दुपारी त्याला फोन करून सगळं सांगितलं.

"सुनंदा, माझी आई होती ती," म्हणाला. "मला सांगितलं असतं तिने."

आणि फोन ठेवला. परक्यांच्या घरच्या अस्थींत आपण पडायचं नाही, असं आता हे मला शिकवतायत. स्वतः सल्ला देताना नाही सुचलं ते!

थोड्या वेळाने पीटरचाच फोन. उद्या तूही चल, एवढंच बोलला. का, ते सांगितलं नाही.

त्याच्याशी मी भांडणार नाही. हक्क त्याचाच आहे. पण एवढं वचन देते. गाडीत तुमचा कलश माझ्या मांडीवर असेल. घर सोडल्यापासून त्याला तुमचं गाव सांगत जाईन, त्याचे आजोबा कुठे बुडाले, आजी कुठल्या झाडांखाली आहे, सगळं. ते सांगून होईपर्यंत कलश त्याच्या हातात देणार नाही.

तुमच्या कुंपणापलीकडची,
सुनंदा