तू वाजवायला उभा राहिलास तेव्हा

लोणावळा,
मंगळवार

प्रिय सोहेल,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. तरी एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, उगाच गॅलरीत जाऊन येते. काल खंडाळ्याला हॉटेलच्या काउंटरवर एका पाहुण्याला भलत्याच खोलीची चावी दिली. पुण्याहून तुझा खेळ बघून आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

काय खेळ होता रे! अमेरिकेतल्या जुन्या स्विंग संगीताच्या जमान्यातली नाचगाणी, आणि त्यात आपला सोहेल. पडदा वर गेला, पायऱ्यांवर ओळीनं बसलेली पांढऱ्या कोटातली वाजवणारी मंडळी दिसली, आणि मी अब्बांचा हात घट्ट धरला. पोरी गिरक्या घेत होत्या, ती हिरव्या झग्यातली बाई हसत हसत गात होती, आमच्या पुढच्या आजीबाई तर खुर्चीतच डुलायला लागल्या. मला आपल्या बँडच्या वराती आठवल्या. तू अब्बांच्या मागे ट्रम्पेट घेऊन चालायचास आणि अब्बा म्हणायचे, "ह्ये पोरगं वरातीत चालत न्हाई, नाचतंय."

घरून निघताना त्यांनी नवा सदरा घातला, अत्तर लावलं. गाडीत शेजारच्याला सांगून झालं, माझा पोरगा वाजवतो म्हणून. पण आत बसल्यावर त्यांची नुसती चुळबुळ. सारखी मान इकडून तिकडे वळवत होते. मग तू एकटा वाजवायला उभा राहिलास, तुझ्यावर उजेड पडला, आणि नेमके तेव्हाच अब्बा उठून बाहेर गेले. तू ते पाहिलंस. तुझी नजर दारापर्यंत त्यांच्या पाठीवर होती. खेळ संपल्यावर आम्हाला न भेटताच निघून गेलास आणि नंतर फोनवर कैलासला म्हणालास, "वरात सोडली तेव्हापासून अब्बांना माझं वाजवणं पटतच नाही." कैलास अजून अब्बांच्याच बँडमध्ये ढोल वाजवतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही, हे विसरलास का?

आता ऐक. मीही चिडूनच त्यांच्या मागे गेले होते. बाहेर अब्बा बंद दाराच्या फटीला उजवा कान लावून, डोळे मिटून उभे. दारावरचा माणूस त्यांना हटकत होता. त्याला म्हणाले, "जरा थांब बाबा. आत लय गलका हाय. हितनं माझा पोरगा येगळा ऐकू येतोय." त्यांची बोटं सदऱ्याच्या बटणांवर तुझ्याबरोबर चालली होती. तू सूर वर नेलास, धरून ठेवलास, सोडलास. आत सगळं नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. अब्बांनी डोळे उघडले आणि विचारलं, "जन्नत, टाळ्या वाजल्या का गं?"

मलाही तेव्हाच कळलं. डावा कान हिवाळ्यातच गेलाय, उजवाही चाललाय; त्याला ट्रम्पेटचा चढा सूर तेवढा कळतो, बाकी सगळा नुसता गलका. परतताना त्यांनी मला शपथ घातली, "सोहेलला सांगू नको. समदं टाकून घरी यील." म्हणून गप्प होते, आतल्या आत तळमळत होते. पण तू तिकडे काय समजून बसलायस हे कैलासकडून कळलं आणि मला राहवेना. आज शपथ मोडली.

घरी परत ये म्हणून हे लिहिलेलं नाही. खेळ अजिबात सोडू नकोस. पण येत्या रविवारी इंदुरीला वरात आहे आणि अब्बा म्हणतात ही शेवटची. मागच्या वेळी सगळा बँड थांबला तरी ते एकटेच वाजवत राहिले, हेही आता कैलासनंच सांगितलं. लोक हसले. तेही त्यांना ऐकू आलं नाही. रविवारी तुझा खेळ नाही, मी चौकशी केलीय. ट्रम्पेट घेऊन ये. खुलासा नको, माफी नको, काही बोलूच नकोस. त्यांच्या उजव्या हाताला उभा राहा आणि वाजव.

तुझीच,
जन्नतआपा