साळूचे काटे

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. म्हणजे दचकशीलच, कारण आपल्या घरात पत्र लिहायची सवय कुणालाच नाही. तुझ्या टिल्लीचा ताप उतरला आहे, ती जेवते आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. उभा असशील तर बस. तुमच्या साइटवर खडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरकडे हे पाकीट दिलं आहे. तुला ओळखतो का, असं त्याला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला गेले तर तो म्हणाला, "अहो ताई, बोगद्यावरचा तो उंच सुपरवायझर, हसला की तुटका दात दिसतो, तोच ना? देतो हो हातात." तेव्हा कुठं मी वळले. तू असतास तर म्हणाला असतास, शंकासूर तो शंकासूरच. रविवारी तू येणार आहेस आणि टिल्लीला बरोबर नेणार आहेस, असं तू तिला फोनवर सांगितलंस. तू दवाखान्याच्या पायऱ्या चढण्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. सध्या माझ्या जिवाला एवढाच घोर आहे.

हे फोनवर सांगता आलं नसतं का? नसतं. फोनवर तू "सगळं ठीक ना?" असं विचारतोस. त्या विचारण्यातच "हो" असतं, आपण फक्त हुंकार भरायचा. शिवाय तुझ्यामागे यंत्रांची घरघर, फोनसाठी ताटकळलेली माणसं, आणि माझ्या शेजारी टिल्ली, कान टवकारून. ऑपरेशनच्या दिवशी तुमच्या ऑफिसात फोन आईने केला, मला हात लावू दिला नाही. "पायाचं ऑपरेशन झालं, पोर सुखरूप आहे, धावत येऊ नकोस," एवढंच बोलली आणि ठेवून दिला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आई खोटं बोलत नाही, हे तुलाही माहीत आहे. ती फक्त वेळेवर थांबते.

माझं प्रेसमधलं काम चालू आहे. मुलांच्या पुस्तकांची प्रुफं अजून माझ्याकडेच येतात. भित्रा ससा, लाजाळू हत्ती, रागीट मुंगी, मन मोठं असलेला उंदीर. दिवसभर हीच मंडळी टेबलावर. सगळे भित्रे सोळाव्या पानावर शूर होतात, कारण छपाईचा एक फॉर्म सोळा पानांचा असतो. सतराव्या पानावर शूर व्हायचं तर कागद वाढतो. आमचे फोरमनकाका म्हणतात, "तू ऱ्हस्व-दीर्घ बघ बाई, सशाच्या काळजाची चौकशी करू नकोस." परवा एका गोष्टीत जाळ्यात अडकून कासवाचा पाय सोलवटतो, तरी ते हसत म्हणतं, "मला मुळीच दुखत नाही," आणि सगळे प्राणी टाळ्या वाजवतात. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. काकांनी विचारलं, "यात काय चुकलंय?" मी पुढचं पान उलटलं. प्रश्नचिन्ह मात्र खोडलं नाही.

आपली पहिली शाळा स्वयंपाकघरात भरली. अण्णा पाण्याच्या पंपावर रखवालीला, खरी शाळा नदीपलीकडे, म्हणून पाचवीपर्यंत आईच आपली मास्तरीण. परातीतल्या पिठात बोटाने गिरवलेली अक्षरं, भांडी विसळताना पाढे, आणि काम आटोपलं की साळू. ती गोष्ट तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण लिहायला बसल्यावर ती मला पहिल्यांदा नीट दिसली. साळू म्हणजे साळिंदराचं पिल्लू. लोण्यासारखं मऊ, अंगावर एकही काटा नाही. कोल्हा भिववतो, दगडाची ठेच लागते, बाबा डोंगरापलीकडे निघून जातात, आणि साळूला रडू येतं. पण रडू गिळलं की पाठीवर एक काटा फुटतो. असं गिळता गिळता एक दिवस तिची पाठ काट्यांनी भरते, कोल्हा शेपूट घालून पळतो, बाबा परत येतात आणि साळूला उचलून घेतात. संपली गोष्ट. तू पंपाच्या टाकीच्या शिडीवरून पडलास, दात तुटला, तोंड रक्ताने भरलं, पण तू ब्र काढला नाहीस. आईने तुला जवळ घेतलं नाही. तुझ्या पाठीवर नखाचं टोक टेकवलं आणि म्हणाली, "आला बघ एक काटा." तू केवढा हसलास, त्या रक्तासकट. मी खूप लहान होते. मला तो काटा खराच दिसला होता. आपल्या घरात कुणी कुणाला पोटाशी धरत नाही, दादा. आपण पाठीत नख टेकवतो. आईला नावं ठेवत नाही मी. दोन पोरं, अंथरुणाला खिळत चाललेला नवरा, हाकेच्या अंतरावर माणूस नाही. एक रडलं की दुसरं सूर धरायचं, आणि आपल्याला बघून तीही रडत बसली असती तर चूल कोणी पेटवली असती? साळू तिने आपल्यासाठी रचली की स्वतःसाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

वहिनी गेली त्या दिवशी तू दाराबाहेर लोकांमध्ये ताठ उभा होतास. आई मागून आली आणि तुझ्या पाठीत नख टेकवून गेली. ते मी पाहिलं, आणि माझा हात धरून उभ्या असलेल्या टिल्लीनेही पाहिलं. पुढे तू बोगद्याच्या कामावर गेलास. तिथं पोरांना राहायला जागा नाही, हे खरंच आहे. पण तू निघालास तेव्हा टिल्ली तुझ्या पायाला मिठी मारून बसली होती, आणि तिला तू ते खरं सांगितलं नाहीस. तू म्हणालास, "तिथं सुरुंग उडतात राणी, मऊ पोरांचं काम नाही ते. काटे फुटू देत तुला, की लगेच नेतो." आणि तिच्या पाठीत नख टेकवून, हसवून, पाय सोडवून घेतलास. तुला वाटलं, पोर हसली, सुटलो. तिने ते कंत्राटासारखं धरून ठेवलं, दादा. तेव्हापासून आंघोळीला बसली की ती पाठ माझ्याकडे करायची. "आत्या, बघ ना, आला का?" मीही आपल्याच घरची, मी म्हणायचे, "येतोय, येतोय, टोक दिसायला लागलंय." शाळेत कुणी ढकललं, सुई टोचली, तिच्या आईची शाल कपाटातून काढून कुणाला दिली, की तिचे ओठ मिटायचे आणि पाठ माझ्यासमोर यायची.

मागच्या महिन्यात गल्लीच्या टोकाला एक घर पाडलं. त्या ढिगाऱ्यावर पोरं खेळत होती. एक गंजका खिळा टिल्लीच्या चपलेतून आरपार तळव्यात गेला. हे आम्हाला फार उशिरा कळलं, तिच्या मैत्रिणीकडून. खिळा तिने स्वतःच उपसला आणि मैत्रिणीला शपथ घातली. घरी येऊन पाय धुतला, माझ्या शिवणाच्या डब्यातली चिंधी बांधली, वरून मोजा चढवला. मोजे स्वतः धुवायला लागली, तर आई कौतुकाने म्हणाली, "पोर वळणाला लागली हो." टाचेवर चालायला लागली; विचारलं तर म्हणे, "साळू अशीच चालते." आम्ही हसलो. अंग कोमट लागायचं. शाळेत सगळ्यांनाच सर्दी झाली होती, मी तिला सर्दीचं औषध पाजत राहिले. मग घरात वास यायला लागला. मला वाटलं, कपाटामागे उंदीर मेला. आईने आणि मी कपाट सरकवलं, ट्रंका ओढल्या, फिनेलने फरशी पुसली. टिल्ली पलंगावर पाय पोटाशी दुमडून बसली होती आणि मला बोटाने दाखवत होती, "आत्या, त्या कोपऱ्यात बघ, तिकडून येतोय." गॅस बंद केला का ते चार वेळा उठून बघणारी मी, त्या कोपऱ्यात वाकून उंदीर शोधत होते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या रांगेत ती कोसळली. दवाखान्यात मोजा निघेना, कात्रीने कापावा लागला.

वॉर्डात तिचं केवढं कौतुक चाललंय. शेजारच्या खाटेवरचा पोरगा ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाकं ऐकूनच भोकाड पसरतो. त्याची आई त्याला छातीशी दाबून धरते, तो तिच्या खांद्याला शेंबूड पुसतो आणि घटकाभराने बिस्किट मागतो. टिल्ली त्या दोघांकडे टक लावून बघते. आपण पंपाच्या कट्ट्यावरून नदीपलीकडची शाळा बघायचो, तशी. तिचं स्वतःचं ड्रेसिंग सुरू झालं की ती चादरीचा कोपरा दातांत धरते. नर्सबाई सगळ्या वॉर्डाला सांगतात, "शिका रे जरा हिच्याकडून." आई मान ताठ करते. मोठे डॉक्टर मात्र कौतुक करत नाहीत. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि चिडूनच विचारलं, "ही रडत का नाही? कुठं दुखतं ते सांगत नाही, किती दुखतं ते सांगत नाही. मी औषध काय अंदाजाने देऊ?" मी त्यांना साळूची गोष्ट सांगितली, तिथंच, व्हरांड्यात उभी राहून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "आणि बाप कुठं आहे हिचा?"

त्याच दिवशी तुझा फोन आला होता. तिने दोन्ही हातांनी फोन धरला होता. "मी रडले नाही, बाबा. एकदासुद्धा नाही." तुझा आवाज मलाही ऐकू आला. "वाघीण माझी! म्हणजे फुटले की काटे. आता रविवारी येतो आणि नेतोच तुला."  फोन ठेवल्यावर तिने आईला विचारलं, "आजी, साळूच्या बाबांनी तिला उचलून घेतलं ना? मग त्यांना टोचलं नाही?" दादा, इतक्या वर्षांत हे तू विचारलं नाहीस. मी शंकासूर, मीही विचारलं नाही.  आई उठून खिडकीशी गेली आणि सरळ असलेला पडदा सरळ करत राहिली. थोड्या वेळाने तिचा एक हात मागे गेला, स्वतःच्या पाठीवर काहीतरी चाचपायला, आणि तिथवर पोचला नाही. टिल्लीने मला खुणेने जवळ बोलावलं आणि आजीला ऐकू जाऊ नये म्हणून कानात विचारलं, "आत्या, बोगद्यात राहायला दोन्ही पाय लागतात का गं?"

म्हणून हे पत्र. आई फोनवर जिथं थांबली, तिथून पुढचं मी लिहिते. टिल्लीचा उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. विष वर चढत होतं, पाय ठेवला असता तर पोर राहिली नसती. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी हेच सांगितलं. दोष वाढायला घेतला तर घरातल्या सगळ्यांना पोटभर पुरेल, तेव्हा आत्ता तो झाकून ठेवू. रविवारी तू वॉर्डाच्या दारात उभा राहशील आणि ती आधी तुझ्या तोंडाकडे बघेल. तिथं तू हसलास, वाघीण म्हणालास, पाठीत नख टेकवलंस, तर ती जन्मभर चादरीचा कोपरा दातांत धरून राहील. तिथं पोरांना जागा नाही, काट्यांचा आणि नेण्याचा कधी काही संबंध नव्हता, हे तूच तिला सांग. आमच्यावर ती विश्वास ठेवायची नाही. आणि रड, दादा. दात तुटला तेव्हाचं राहिलेलं, वहिनीचं राहिलेलं, हे आत्ताचं, सगळं तिच्यासमोर रड, वॉर्डभर ऐकू गेलं तरी चालेल. मी करून बघितलं. प्रेसच्या मागच्या खोलीत जाऊन बसले, नुसती उचकी लागली, फोरमनकाका पाणी घेऊन धावले. मला येत नाही, आईला येत नाही. तुला येतं की नाही तेही मला माहीत नाही, पण ती दुसऱ्या कुणाकडून शिकणार नाही. मग तिला उचलून घे. एक हात पाठीमागून घाल, दुसरा उजव्या मांडीखाली, गुडघ्याच्या वर. त्याच्या खाली पट्टी आहे, तिला धक्का लागू देऊ नकोस. सावकाश उचल. दुखलं तरी ती सांगणार नाही.

तुझीच,
शंकासूर