आधी विनोद, मग खाऊ

दे मॉइन, आयोवा
३१ ऑक्टोबर १९९६, गुरुवार सकाळ

जनेल,

आशीर्वाद. तू मागितले नाहीस, तरी ते देणं अजून माझ्या हातात आहे. तुम्ही सगळे बरे असाल. माझा उजवा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी तब्येत ठणठणीत आहे. मागच्या अंगणातली पानं अजून गोळा केलेली नाहीत. वारा थांबला की करीन म्हणते, पण हा वारा मार्चपर्यंत काही थांबायचा नाही.

गेल्या नाताळच्या आधी तू पाठवलेलं कार्ड फ्रीजवर तसंच लावलेलं आहे. त्यात तू एकच प्रश्न विचारला होतास: त्या दिवशी दारात तुझी नात, ब्रेना, आहे हे तू ओळखलं होतंस की नाही? आणि खाली लिहिलं होतंस की याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत मी तुझ्या घराची पायरी चढायची नाही. दहा महिने झाले. तेच लिहायला बसले आहे. पण आधी कालच्या रात्रीचं सांगते.

काल भिकाऱ्यांची रात्र. बाकी देश मुलांना खाऊ मागायला हॅलोविनला सोडतो, आपण आदल्या संध्याकाळी. नाव बाकी अगदी बरोबर ठेवलंय, आता खरोखरच भिकारी येतात. तुम्ही लहान होतात तेव्हा आपल्या रस्त्यावर दिवा लागला की मूल पायऱ्या चढायचं, ताठ उभं राहायचं, विनोद सांगायचं आणि मग हात पुढे करायचं. फुकट घेतलं तर भीक, विनोद सांगून घेतलं तर मजुरी, असं मी माझ्या वर्गात दर ऑक्टोबरला सांगत आले. आता कोणाला काय त्याचं! समोरच्या ओडेगार्डबाई पायरीवर टोपलं ठेवतात आणि आत जाऊन टीव्ही बघतात. मुलं येतात, मूठ भरतात, निघून जातात. मी म्हटलं, बाई, याला खाऊ वाटणं म्हणत नाहीत, कोंबड्यांना दाणे टाकणं म्हणतात. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

कोपऱ्यावरचा तो दातांचा डॉक्टर टूथब्रश वाटतो. लहान मुलाच्या हातात, सणाच्या दिवशी, टूथब्रश! त्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या मुलांची तोंडं बघितलीस तर तुला वाटेल आत कोणी वारलं आहे. पलीकडचं शिकागोहून आलेलं जोडपं अख्खी चॉकलेटं देतं, दुकानात मिळतात तेवढी मोठी, म्हणजे मग आजूबाजूच्या आम्ही सगळ्या कद्रू ठरायला मोकळ्या. त्यातली बायको मला सांगत होती की मुलांना दारात उभं करून विनोद सांगायला लावणं म्हणजे त्यांचा छळ आहे, आमच्याकडे असलं काही नसतं. नसेल. तिच्याकडे बरंच काही नसेल. आणि चर्चचे लोक तर या सगळ्याला सैतानाचा सण म्हणतात आणि त्याच संध्याकाळी चर्चच्या आवारात गाड्यांच्या डिक्क्या उघडून तोच खाऊ वाटतात. सैतानाला डिक्कीत बसवलं की तो सोवळा होतो बहुतेक.

पाहिलंस? लिहायचं एक होतं आणि लिहिते भलतंच. जित्याची खोड.

माझी तीन वाडगी तुला माहीत आहेत. मी हसले तर चॉकलेट. विनोद जुना पण नीट सांगितला तर कॅरमेल. अर्धवट सांगितला, पाठ केला नाही, आईने मागून कुजबुजून दिला, तर ती मक्याच्या दाण्यासारखी पिवळी गोळी, जी कोणालाच आवडत नाही. एकतीस वर्षं हाच नियम. ह्या गल्लीतली मुलं माझ्या दारासाठी विनोद जपून ठेवायची. त्यांचे बाप मला अजून बाजारात थांबवून सांगतात की बाई, तुमचं चॉकलेट मला एकदाच मिळालं होतं. मी त्याचा अभिमान बाळगते. बाळगायचे.

गेल्या वर्षी माझ्या दारात अकरा-बारा मुलं रांगेत होती. सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे, वेशावर हिवाळी कोट. आपल्याकडे आया राजकन्येलाही कोट घातल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. दारातला दिवाही मिणमिणता. मांजरीचा मुखवटा घातलेली एक मुलगी पुढे आली आणि बोलायला लागली. ‘सांगाड्याला लवकर सर्दी का होते?’ एवढं म्हणायला तिला इतका वेळ लागला की मागची पोरं पाय आपटायला लागली. थंडी होती. आठला सगळे दिवे मालवतात, आणि आठला पाच कमी होते. मग उत्तराच्या पहिल्या शब्दावर ती अडकली, आणि मी म्हणाले, ‘वारा आरपार जातो म्हणून.’ रांग हसली. मी तिच्या पिशवीत पिवळी गोळी टाकली, कारण विनोद पुरा मी केला होता. नियम म्हणजे नियम. ती वळली आणि पायऱ्या उतरून गेली.

हे तुला माहीतच आहे. फाटकापाशी धाकट्या नीलला कडेवर घेऊन तू उभी होतीस आणि तू ऐकलंस. मी तेव्हा म्हणाले, ‘अगं, मुखवट्यात मला काय कळणार कोण आहे ते!’ ब्रेनाला गाडीत बसवलंस आणि गेलीस. ती तीन आठवडे आरशासमोर तो विनोद घोकत होती, हे तू मला नंतर फोनवर सांगितलंस. माझं उत्तर तेच होतं. मुखवटा, अंधार, गर्दी.

आता कालचं. दुपारी ओडेगार्डबाई पानं गोळा करताना सहज म्हणाल्या की माझी नात यंदा कुणाच्याच दारात जाणार नाही म्हणे. आई धाकट्याला घेऊन फिरणार आणि ती घरी बसून वाटणार. ‘तिलाच तसं हवंय,’ त्या म्हणाल्या, आणि मग, ‘आमच्या टोपल्याला तरी ती कधी घाबरली नाही.’ वर्षभरात ह्या बाईच्या तोंडून पहिल्यांदाच काही शहाणपणाचं निघालं आणि तेही नेमकं माझ्यावर.

सहा वाजता मी दिवा लावला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मुलं फाटकापर्यंत येऊन परत जाताना खिडकीतून दिसत होती. साडेसहाला कोट चढवला आणि सहा गल्ल्या चालत तुझ्या घरी आले. पायरी चढायची नाही हे मला पाठ होतं. वाटलं, लांबून बघून परत फिरू. पण तुझ्या दारात रांग लागली होती, आणि रांग दिसली की मी तिच्यात उभी राहते, चाळीस वर्षं शाळेत दुसरं काय केलं. माझ्यापुढे सात मुलं होती.

ब्रेना पायरीवर स्टुलावर बसली होती, मांडीवर वाडगं. एकच. ती विनोद मागत होती, जनेल. मला वाटलं होतं तिने ते सोडून दिलं असेल. एक डायनासोर झालेला, पाचेक वर्षांचा, म्हणाला, ‘भूत शाळेत का जात नाही?’ आणि उत्तर विसरला. मी मनात म्हटलं, झालं, पिवळी गोळी. ब्रेना हनुवटीवर हात ठेवून बसून राहिली. रांगेतल्या बाया घड्याळं बघायला लागल्या, मीही. मिनिटभर तरी गेलं. शेवटी तो म्हणाला, ‘कारण सुट्टी आहे.’ ती खदखदून हसली आणि त्याला मूठभर दिलं. मला हा सगळा गाढवपणा वाटला. अशाने आठपर्यंत निम्मी रांग तशीच राहील, असंही वाटलं. हेही लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील आईने स्वतःला बरं दाखवलं.

मग माझी पाळी आली. मी मुखवटा घातलेला नव्हता. तिने वर पाहिलं. ती घाबरली नाही, हसलीही नाही. इतरांना विचारत होती तसंच तिने विचारलं, ‘व-विनोद?’

मला चारशे विनोद येतात. चाळीस वर्षं पोरांचे ऐकले आहेत. एकही आठवला नाही. मी एकाला सुरुवात केली, ‘शेतकऱ्याने कोंबडीला विचारलं,’ आणि पुढचं गेलं. मागे चेटकीण झालेली एक आगाऊ मुलगी होती, तिला तो येत असावा. ती म्हणाली, ‘मी सांगते, कोंबडी म्हणाली...’

ब्रेनाने हात वर केला. म्हणाली, ‘थ-थांब. तिचं त-तिला सांगू दे.’ आणि माझ्याकडे वळून, ‘आजी, सावकाश. मी थ-थांबते.’

आणि ती थांबली. दहा जणांची रांग मागे, वारा अंगातून जात होता, आणि माझी नऊ वर्षांची नात हनुवटीवर हात ठेवून माझ्यासाठी थांबली. मला रडू आलं असं मी लिहिणार नाही. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी म्हणाले, ‘नाही येत गं मला.’ तिने जरा विचार केला. मग वाडगं जवळ ओढून म्हणाली, ‘मग प-पुढच्या वर्षी ये. पाठ करून.’ काही दिलं नाही. बरोबरच केलं. मी रांगेतून बाहेर पडले. हे तिने तुला सांगितलं नसेल, कारण तू मला फोन केला नाहीस.

आता तुझं उत्तर.

हो. ओळखलं होतं. ती पायऱ्या चढत होती तेव्हाच. तिच्या हातात मी विणलेले निळे हातमोजे होते, उजव्याचा अंगठा मी लांब विणून ठेवला होता तेच. मुखवटा नाही, अंधार नाही, गर्दी नाही. ओडेगार्डबाई टोपलं भरायला बाहेर आल्या होत्या, त्या समोर उभ्या होत्या. दोन माजी विद्यार्थी आपापली मुलं घेऊन उभे होते. ज्या बाईने अख्ख्या गावाला बोलायला शिकवलं, तिची नात एका शब्दावर अडकते, हे त्यांना आणखी एक क्षणही दिसू नये म्हणून मी तिचं उत्तर तिच्या तोंडातून काढून घेतलं. आणि ती माझी आहे हे कळू नये म्हणून पिवळी गोळी दिली.

चाळीस वर्षांत माझ्या वर्गात अडखळणारी निदान वीस मुलं होती. त्यांच्यातल्या एकाचंही वाक्य मी कधी पुरं केलं नाही. त्यांच्यासाठी मी थांबत असे. ब्रेना दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर मी थांबले असते.

हे पत्र तिलाही वाचायला दे. ती मोठ्याने वाचायला बसली तर बराच वेळ लागेल. लागू दे. मधे बोलू नकोस.

तुझी आई,
अर्विला