मागून कोणी 'राव' म्हणतं

१० नोव्हेंबर, रविवार
दिवाळी आटोपून, सामान टेम्पोत घालून साताऱ्याहून थेट गोव्यात, डिचोलीला आलो. खोली लहान आहे, पण मागे विहीर आणि पुढे अबोलीचे वाफे, म्हणजे आमच्या दोघांच्या मानाने चैनच. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पोदेर येतो, म्हणजे इथला पाववाला. अश्विनीनं त्याच्याकडून कोंड्याच्या पावाच्या चार पोया घेतल्या आणि घेताघेता कोकणीचे चार शब्दही उचलले. तिला इथली बोली आठवड्यात येईल. माझ्या डोक्यात शिरायला वर्ष जाईल.

लग्नाला चार वर्षं झाली, पण हिनं मला एकदाही 'अहो' म्हटलेलं नाही. 'राव' म्हणते. उठा राव, जेवा राव. चारचौघांत मी डोळे वटारतो, पण खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

मालक कृष्णनाथ मूळचे पेडण्याचे, शब्द मोजून बोलणारे. दहा चाकी टिपर माझ्या ताब्यात दिला. खाणीवर खनिज भरायचं, नदीकाठच्या जेटीवर मागे घेऊन ओतायचं. मी जरा मिरवलंच. म्हटलं, अकरा वर्षांत माझ्या चाकाखाली कुत्रंसुद्धा आलेलं नाही. ते गाडीकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, कौतुक करतील.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
जेटीवर गाडी मागे घेताना प्रत्येक टिपरच्या मागे एक माणूस उभा राहतो आणि अंतर सांगतो. माझ्या मागे कोणी राहत नाही. ज्याला विचारावं त्याला नेमकं तेव्हाच दुसरं काम निघतं. घाटावरचा म्हणून टाळत असतील. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, मागे कॅमेरा बसवून घ्या. आणि निलेशकडे पाठवलं.

निलेश हा साखळीच्या रस्त्यावरचा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. हात मोठा सफाईचा. गाडी चोवीस व्होल्टची, कॅमेरा बारा व्होल्टचा, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर टाकला आणि रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीतून करंट घेतला. रिव्हर्स टाकला की समोरची स्क्रीन लागते. कॅमेऱ्याला माइकही आहे, मागचं बोलणं स्क्रीनच्या स्पीकरमधून केबिनमध्ये ऐकू येतं. फक्त चाचणी घेताना तो स्वतः मागे उभा राहिला नाही. रिकामं पिंप ठेवलं. मी चेष्टा केली, पण तो हसला नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार
आज गंमत झाली. जेटीवर गाडी मागे घेत होतो आणि स्पीकरमधून आवाज आला, "राव... राव..." बाप्याचा आवाज, जरा घाईतला. वाटलं, चला, आपल्यालाही एक माणूस मिळाला, आणि तोही असा अदबशीर. आवाजाच्या भरवशावर बिनधास्त मागे गेलो. मागचं चाक नदीच्या बांधाला धाडकन आदळलं. आणखी हातभर गेलो असतो तर पाण्यातच. उतरून पाहिलं, तर मागे कोणी नव्हतं.

अश्विनीला सांगितलं तर पोट धरून हसली. म्हणाली, आता कॅमेराही तुम्हाला नावानं ओळखायला लागला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी बॅटरी पार बसलेली. दुसऱ्या गाडीवरून वायरी जोडून चालू केली. मग डिचोलीच्या बाजारातून सरळ पुढे जात असताना रिव्हर्सचा भोंगा वाजायला लागला. गिअर तिसरा आणि भोंगा मागे येतोय म्हणून बोंबलतोय. एक बाई पिशवी टाकून बाजूला पळाली. ब्रेकचे दिवेही आपोआप लागत होते. निलेश म्हणाला, अर्थची वायर सैल असणार. बॅटरीपासून नवीन ओढून दिली. संध्याकाळपर्यंत ठीक होतं, पण माझं लक्ष सारखं स्क्रीनकडे जात होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी. घरामागे, विहिरीजवळ गाडी धुवायला घेतली. किल्ली घरात खुंटीला. केबिन पुसायला चढलो, तर स्क्रीन लागलेली. मागची विहीर दिसत होती आणि विहिरीपाशी एक माणूस. खाकी हाफपँट, डोक्याला टॉवेल, एक हात वर, तळहात माझ्याकडे.

मी मागे जाऊन आलो. कोणी नाही. परत चढलो तर स्क्रीन काळी.

अश्विनीला काही सांगितलं नाही. दुपारभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. कुठेच बसवेना.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
कन्व्हर्टर जळाला. निलेशनं दुसरा टाकला, तोही तासाभरात जळाला. शेवटी मीच म्हटलं, काढून टाक सगळं. त्यानं कॅमेरा काढला, वायर कापली, टोकाला टेप गुंडाळली. स्क्रीन तेवढी राहिली. ती डॅशबोर्डला घट्ट चिकटली होती. टेप लावलेलं टोक मी हातात धरून पाहिलं.

त्यानंतर जेटीवर गेलो. रिव्हर्स टाकला. "राव, राव, राव—" मोठ्यानं, कानाशी.

तसाच निलेशकडे आलो आणि खरं काय ते विचारलं. आधी टाळत होता. मग बोलला. बाबली म्हणून एक जण होता, केरीचा. याच गाडीच्या मागे उभा राहायचा, याच गाडीखाली गेला. आधीचा ड्रायव्हरही घाटावरचाच, नवाच आलेला. निलेश खाली बघत म्हणाला, "बाबली 'राव, राव' म्हणटालो आनी तो फाटीं येतालो."

मी म्हटलं, मागे आला यात ड्रायव्हरचं काय चुकलं? हाच 'राव राव' करून बोलवत होता ना?

निलेश आत निघून गेला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
अश्विनी बसनं म्हापशाला जाऊन आली. हसत हसत ताट वाढलं. म्हणाली, इथले कंडक्टर काय अदबशीर, ड्रायव्हरला सारखं 'राव, राव' म्हणतात. मग शेजारच्या बाईनं सांगितलं, अगं, राव म्हणजे थांब. कंडक्टर राव म्हणाला की बस थांबते.

मी ताट बाजूला सारलं.

थांब. तो थांब म्हणत होता. चाक अंगावर येईपर्यंत थांब म्हणत होता. आणि आठवडाभर मीही— त्या बांधापाशी— आज सकाळीसुद्धा— तो ओरडतोय आणि मी त्याच्या अंगावर—

अश्विनी विचारत होती, काय झालं राव? मी तिला म्हटलं, मला तसं म्हणू नकोस. तिचा चेहरा उतरला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
नोकरी सोडतोय. मालकांनी कारण विचारलं नाही. उद्या दुपारी गाडी माझ्या अंगणात आणा, किल्ली द्या, म्हणाले.

अश्विनीला बजावलं, काहीही झालं तरी गाडीच्या मागून यायचं नाही. का, म्हणाली. सांगायला हवं होतं.

मला भीती माझी वाटत नाही. तिची वाटते.

२३ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
मालकांच्या अंगणात. ते जेवून येतो म्हणाले. निलेशनं बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून ठेवल्या, माझ्यासमोर. हँडब्रेक ओढलेला. किल्ली खिशात. ऊन फार, म्हणून केबिनमध्ये बसून लिहितो आहे. काजूचं झाड नाकासमोर, फांदी काचेला टेकलेली.

स्क्रीन लागली—

कॅमेरा निलेशच्या टेबलावर आहे. बॅटरी सुटी आहे. लिहीत राहतो. लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

मागचा रस्ता दिसतोय. अश्विनी. हातात डबा. मी डबा न घेता आलो म्हणून—

काही नाही. गाडी उभी आहे. उभ्या गाडीच्या मागून आली तर काय होतंय.

तो आहे. बाजूला. हात वर. पण तळहात माझ्याकडे नाही. तिच्याकडे.

"राव."

तिला म्हणाला. तिला आता कळतं. ती थांबली. बरोब्बर मागच्या चाकांपाशी. त्याच्याकडे बघून मान हलवतेय, पुढचं काय सांगतो म्हणून—

दार उघडत नाही. दोन्ही दारं—

भोंगा. रिव्हर्सचा भोंगा. पण गाडी तर उभी—

फांदी काचेला टेकलेली होती. आता हातभर लांब आहे. आता दोन हात. ब्रेक दाबतोय, लागत नाही, ब्रेक—

स्पीकरमधून तिचा आवाज. "राव—"

हाक मारतेय, की थां