‘घरी इंटरनेट आहे का?’ – होय

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालणं कठीण आहे. टेबलाखाली इतक्या वायरी झाल्यात की आडवी झाले तर उठताना दोन-तीन अंगाला लागून येतील. कागदावरचा मानून घे.) बाळ झोपतं का, आणि बाळाच्या आजीला, म्हणजे तुला, झोपू देतं का, ते कळव. गुडघा काय म्हणतो? इकडे आई-बाबा ठीक आहेत. मीही ठीक आहे असं लिहिणार होते, पण पत्र कशासाठी आहे ते आठवलं.

फोन का केला नाही, असं तू तरी विचारणार नाहीस. शाळेत जाण्याआधी मी तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून शिकले, आणि तिथला पहिला नियमच तो: चूक तोंडी सांगितली तर ती सांगितली असं धरत नाहीत. तारीख घालायची, पूर्ण वाक्यं लिहायची. (तुझ्या चष्म्याची काडी मोडल्याचा माझा कबुलीजबाब चार ओळींचा होता. तू त्यात लाल पेनने सात चुका काढल्यास आणि वर एक गोळी दिलीस. गोळी कशाबद्दल होती ते मला अजून कळलेलं नाही.)

तर कबुली. मला काम मिळालं! पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची, घरी बसून, सोमवारी दहापासून. फक्त फॉर्मवर एक प्रश्न होता, ‘घरी मोठ्या संगणकावर इंटरनेट आहे का?’, आणि पुढे दोन चौकोन. तू दिलेला संगणक माझ्या टेबलावर होता. वायफायचा डबा बाहेरच्या दाराशी होता. मध्ये दोन खोल्या, आणि दोघांची ओळख शून्य. मी ‘होय’वर खूण केली. मंगळवार होता. म्हटलं, सोमवारपर्यंत खरं करू. म्हणजे सहा दिवस मी खोटारडी राहणार होते, आणि सातव्या दिवशीही राहिले तर काम जाणार होतं, वर खोटं उघडं पडणार होतं ते निराळंच.

बाबांचं मत पडलं वायरीचं. डब्यापासून संगणकापर्यंत सरळ वायर, भानगड नाही. त्यांनी सुतळी लावून मापही घेतलं. सुतळी स्वयंपाकघरातून, ओट्याखालून, न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून गेली, आणि मग न्हाणीघराचं दार लागेना. ‘तेवढी फट चालेल,’ बाबा म्हणाले. ‘तुम्हाला चालेल,’ आई म्हणाली, आणि वायरीचा विषय संपला. आईने कुठेतरी ऐकलं होतं की भिंतीतल्या विजेच्या तारांमधूनही इंटरनेट पाठवता येतं, दोन टोकांना दोन डबे लावायचे. पण आमच्या भिंतीतल्या तारांना मिक्सर आणि गिझर एकदम झेपत नाहीत, त्यांच्यावर आणखी माझं काम कुठे लादू? मग मी अंगठ्याएवढा एक तुकडा आणला. तो संगणकाला खोचला की वायफाय पकडतो. खोचला. पडद्यावर सूचना आली की हा तुकडा चालवण्यासाठी आधी इंटरनेटवरून अमुक उतरवून घ्या. मी ती सूचना तीनदा वाचली. (तुकड्यासोबत एक तबकडीही होती, पण तुझ्या संगणकाला तबकडी घालायचं तोंडच नाही.)

राहिला शेवटचा मार्ग, संगणकाच्या पोटात वायफायचं कार्ड बसवायचा. त्यासाठी पेटी उघडायला हवी, आणि पेटीच्या स्क्रूवर लेबल, ‘हे फाटल्यास हमी रद्द’. बाबा म्हणाले, ‘अगं, हमी संपून नऊ वर्षं झाली.’ पण लेबलावर तसं कुठे लिहिलंय? तासभर मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून त्या लेबलासमोर बसले. शेवटी आईने दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं.

काकांनी पेटी उघडलीच नाही. नुसती फिरवली. ‘अहो ताई, कार्ड आत आहेच की! काड्या कुठायत?’ मागे खरंच दोन पितळी आटे होते, उघडे. ‘इथे दोन काळ्या काड्या असतात, वीतभर, मुळाशी वाकणाऱ्या. त्या नसतील तर हा बहिरा.’ आणि आत्या, मला एकदम तुझी बाल्कनी दिसली. तुझं गुलाबाचं कलम दिसलं. ते कशाच्या आधाराने उभं आहे तेही दिसलं!

झाडांना पाणी घालायला शेजारच्या तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे होतीच. तशीच धावले. घरात अंधुक होतं म्हणून विजेचं मेन चालू केलं. (निघताना तू तीनदा बजावलं होतंस, मेन बंदच राहू दे. माहीत आहे.) कलमाची माफी मागून काड्या काढल्या आणि त्यांच्या जागी माझ्या कामासाठी आणलेल्या दोन पेन्सिली खोचल्या, एक लाल, एक निळी. घरी येऊन काड्या धुतल्या, पुसल्या, आट्यांत बसवल्या. एक मिनिट गेलं असेल. संगणक आपणहून जोडला गेला! पासवर्डसुद्धा विचारला नाही. ‘अक्काचा कॉम्प्युटर आहे,’ बाबा म्हणाले. ‘तो कुणाला विचारतोय?’ मी आईला धरून अशी गरगर फिरवली की दुरुस्तीवाले काका चहा न घेताच निघाले.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी इतकी नेमस्त आणि आनंदी होते की विचारू नकोस. गुरुवारी आईने पुसायला म्हणून वायफायच्या डब्याची पिन काढली. बाहेरून बाबा ओरडले, ‘माझ्या बातम्या गेल्या!’ माझं पान मात्र झरझर येतच होतं. बाबांचं म्हणणं असं की संगणक इंटरनेट साठवून ठेवतो, गच्चीवरच्या टाकीसारखं. मी नेटवर्कचं नाव नीट पाहिलं. आपल्या दोघींचे डबे एकाच माणसाने बसवलेले, नावं सारखीच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. आमचा चार. पडद्यावर तीन. मुद्रितं तपासायचा पगार घेणाऱ्या मुलीला तो तीन दिवस दिसला नव्हता.

तो तुझा, आत्या. मी तुझं मेन बंद करायला विसरले होते, त्यावर तुझा डबाही चालू राहिला, आणि तुझा संगणक भिंतीपलीकडून आपल्या जुन्या घराला ओ देत होता. मी ताबडतोब तोडलं. हात धुतले (का, ते माहीत नाही). आमच्या नेटवर्कला जोडून पाहिलं, तर इतक्या आत एकच रेघ पोचते. तिसरीच्या भूगोलातला डोंगर अर्धा येऊन थांबला. डबा हलवू म्हटलं तर बाबा म्हणतात, ‘ज्याने ठोकलाय तोच काढेल.’

तर, तीन दिवस मी न विचारता तुझं वापरलं. आज संध्याकाळी तुझं मेन बंद करते आणि उद्या कामावर खरं काय ते कळवते.

तुझी, अजूनही टेबलाच्या त्याच बाजूची,
भाची

ता. क. मेन बंद करायला गेले होते. कलमाला पान फुटलंय, लाल पेन्सिलीच्या बाजूने. त्याच्याकडे बघत बसले आणि मेन बंद न करताच परत आले. अर्धा डोंगर अजून खाली यायचाय.

ता. क. २. फॉर्मवर ‘घरी’ एवढंच आहे, कुणाच्या ते नाही. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी घर कुठलं विचारलं तेव्हा मी तुझ्या दाराचा नंबर सांगितला होता (आई अजून फुगते). तू येईपर्यंत मेन चालू राहिलं, आणि आल्यावरही तो डबा तू बंद केला नाहीस, तर मी खोटं बोलले असं होत नाही. मंगळवारी खूण केली तेव्हा मात्र तुझं मेन बंद होतं. तेवढं खोटं कबूल.

ता. क. ३. पत्र तपासून परत पाठवशीलच. लाल शाईने हवं ते खोड. तेवढं ‘होय’ राहू दे.