वऱ्हाडी मुंगी

७ मे
मुंग्या! दुपारी मधल्या खोलीत शिरल्या — काळ्या, लांबट, उंबरठ्यावरून थेट खांबावर, खांबावरून वर तुळईत. मी झाडू उचलला तर आईने तो हिसकावूनच घेतला. "बबिते, वऱ्हाडी मुंगी हाय ती! लग्नाची पोर असलेल्या घरातच येते. हाकलायची न्हाई." वर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मी हसले तर पाठीत धपाटा!

उन्हं कलताना परतल्या. जिच्या तिच्या तोंडात एकेक पांढरी वाळवी. आई खूश — "बग, नवरी घेऊन निघाले!" नवरी कसली डोंबलाची. शिकार ती.

८ मे
कॉलेजातल्या सरांना फोटो पाठवला. लेप्टोजेनिस प्रोसेशनॅलिस म्हणे. आधी एखादी मुंगी वाळवीचा माग काढून येते, मग सगळी फौज धाड घालते. नावाचा अर्थ मिरवणुकीने चालणारी. नाव ठेवणाऱ्या गोऱ्या साहेबाला मिरवणूक दिसली, आमच्या धारूरकडच्या बायकांना वऱ्हाड. मला मात्र आता ती तुळईच दिसतेय. एवढी वाळवी निघाली कुठून?

९ मे
मुसळाने तुळई ठोकून पाहिली. रिकाम्या डब्यासारखी वाजली! खिळा नुसत्या अंगठ्याने आत गेला. आणि वर छतावर अख्ख्या माळवदाची माती.

अण्णांना दाखवलं. त्यांनी खिळा उपसून काढला. मग — "सोळा तारखेला पालीचे पाव्हणे तुला बगायला यायलेत. टेकू दिलेलं घर दाखवू का त्यांना? ते गेल्यावर बदलू तुळई."

कसले पाहुणे? मला कुणी विचारलं? बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलंय माझं!

१० मे
आईशी कडाक्याचं भांडण. मुंगी आली म्हणून तिनेच निरोप धाडला होता! मी जेवलेच नाही. मग स्वतःच ताट घेऊन आली. "बगून तर जाऊ दे त्यांना. लगीन तुजं वर्ष पुरं झाल्यावरच. तुज्या अण्णाला मी सांगते. मी हाय ना?"

तुळईचं काढलं की मात्र एकच — "वऱ्हाड येऊन गेलेल्या घराला काय होत न्हाई."

१२ मे
आईने अण्णांकडून वदवून घेतलं. परीक्षेआधी लग्न नाही! अण्णा "बरं" म्हणाले. मी आईला उचलूनच घेतलं. ओरडली, पण हसत होती.

१३ मे
माळवदावर नवी पांढरी माती घालायला काढलीय. पावसाआधी दरसाल घालतोच, यंदा पाहुण्यांसाठी घाई. ओली माती, भिजलेली! मी अण्णांच्या हातातलं घमेलं धरलं — आधी टेकू द्या. "कावून सारखं तेच ते लावलंय?" अण्णा खेकसले. उद्या मधल्या खोलीवर घालणार. लई राग आलाय सगळ्यांचा.

१५ मे
काल आई गेली.

माती दाबायला वर चढली होती. मी खालून ओरडले, मधे जाऊ नको. "आले, एवढा कोपरा करून आले." तेवढ्यात तुळई बसली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. मी आणि अण्णा हातांनी माती उपसत होतो. अण्णांची नखं निघाली. ती सापडली तेव्हा डोळ्यांत माती होती. मी पदराने पुसत राहिले, कुणीतरी मला मागे ओढलं.

१६ मे
पालीचे पाहुणे आले. बघायला नाही, भेटायला.

२३ मे
दहावा झाला. राधाकिशन मामांनी सगळ्यांसमोर विषय काढला — "माय गेल्यावर वर्षाच्या आत पोरीचं उरकावं लागतं, न्हाई तर तीन वर्षं थांबा. पालीचे पुढच्याच महिन्यात तयार हायत." मी अण्णांकडे पाहिलं. आईला दिलेला शब्द त्यांना आठवत असेल. ते पट्टी बांधलेल्या बोटांकडे बघत बसले.

"पोरीला इचारा तरी," कुणी बाई म्हणाली.

"मी हाय ना" म्हणणारी राहिली नव्हती. मी हो म्हणाले.